नाव सोबत घेऊन जा: दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक

गुरुवार, पुणे स्टेशन

पुण्याहून दिल्लीला विमानाने दोन तास लागतात. तरी सुभेदारकाकांची एकच अट होती: जायचं तर झेलम एक्सप्रेसने. पुण्याहून जम्मूला जाणारी ही गाडी त्यांनी नोकरीभर धरली. सुट्टी संपली की लोखंडी ट्रंक, होल्डॉल, काकूंनी बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि झेलम. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, ते 1969 साली भरती झाले आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. विश्रांतवाडीत आमच्या समोरच राहतात, आणि आमच्या आठवीतल्या चिरंजीवांचा अर्धा दिवस त्यांच्याकडेच जातो.

काकांच्या बॅचचा एक सॅपर डिसेंबर 1971 मध्ये सुरुंग काढताना गेला. कोरेगाव तालुक्यातला, काकांच्याच पंचक्रोशीतला. दोघं एकाच दिवशी खडकीला दाखल झाले होते, बराकीत खाटा शेजारीशेजारी. "त्याचं नाव दिल्लीच्या भिंतीवर कोरलंय म्हणतात. एकदा डोळ्यांनी बघायचंय," काका अधूनमधून म्हणायचे. फेब्रुवारीत मुलाच्या शाळेला जोडून सुट्टी आली आणि आम्ही निघालो. काका, काकू, मी आणि मुलगा.

निघायच्या आदल्या आठवड्यात काकांनी आम्हाला बसवून सांगितलं, "नुसतं बघायला गेलं की माणूस दगड बघून परत येतो. प्रत्येकानं एक नाव घेऊन चला." त्यांचं ठरलेलं होतं. मुलाने सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल निवडले, कारण त्यांचा जन्म पुण्यातला आणि शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत. माझं माहेर साताऱ्याचं, म्हणून मी कर्नल संतोष महाडिक यांचं नाव घेतलं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "मी नाव घेऊन काय करू? मी सगळ्यांसाठी येते."

स्मारक बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते. एक नाव सोबत घेऊन जा. घरातलं, गावातलं, तालुक्यातलं, शाळेच्या फलकावरचं, कुठलंही चालेल. राष्ट्रीय समर स्मारकाच्या संकेतस्थळावर वीरांची नावं शोधता येतात. ते काम घरी बसून, निवांतपणे करा.

शुक्रवार, दिवसभर गाडीत

दौंड, अहिल्यानगर, मनमाड रात्रीतच मागे पडलं. सकाळी भोपाळचा चहा, दुपारी झाशी. आमच्या डब्यात सुट्टी संपवून जम्मूकडे निघालेला फलटणकडचा एक जवान होता. काकांनी त्याला "कुठली पलटण?" एवढंच विचारलं आणि त्यानंतर आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जेवणाच्या वेळी त्याने आईने दिलेल्या बाजरीच्या भाकरी काढल्या, काकूंनी दशम्या काढल्या, मधल्या बर्थवर सगळं एकत्र मांडलं. ग्वाल्हेरला फलाटावरून गजक घेतली. तीळ आणि गूळ इतके कुटलेले की तोंडात टाकताच विरघळते. थंडीच्या दिवसांत या मार्गाने गेलात तर मुरैना-ग्वाल्हेरची गजक चुकवू नका, घरी न्यायलाही जास्तीची घ्या.

नवी दिल्लीला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. तो पोरगा आमच्या बॅगा उतरवायला खाली आला, काका-काकूंच्या पाया पडला आणि गाडी हलताना दारात उभा राहिला. काकूंनी त्याला उरलेल्या दशम्या दिल्या होत्या. त्याचा प्रवास अजून रात्रभर चालणार होता.

राहायची सोय पहाडगंजला केली होती. स्टेशनजवळ, मेट्रो हाताशी, एवढ्यावर भागलं.

शनिवार, स्मारकात

फेब्रुवारीतली दिल्ली म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी हातात स्वेटर. नवी दिल्ली स्टेशनच्या मेट्रोतून पिवळ्या मार्गाने केंद्रीय सचिवालयाला उतरलो. तिथून कर्तव्य पथाने इंडिया गेटपर्यंत चालत जाता येतं, पण अंतर दोनेक किलोमीटरचं आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर रिक्षा करा, पाय आत लागणार आहेत.

इंडिया गेटच्या मागच्या बाजूला सुमारे 40 एकरांत हे स्मारक पसरलं आहे. प्रवेशाला पैसे नाहीत, फक्त सुरक्षा तपासणी. हिवाळ्यात सकाळी 9 ते संध्याकाळी 6:30 उघडं असतं, उन्हाळ्यात तासभर जास्त. जानेवारीत मात्र प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या तालमींमुळे या भागातले रस्ते बंद होतात, तेव्हा तो महिना टाळलेला बरा.

आत गेल्यावर पहिलं जाणवलं ते हे, की स्मारक डोळ्यांत भरत नाही. इंडिया गेट 42 मीटर उंच, लांबूनच दिसतो. हे स्मारक जमिनीच्या पातळीखाली उतरतं. चेन्नईचे वास्तुरचनाकार योगेश चंद्रहासन यांचा आराखडा जागतिक स्पर्धेतून निवडला गेला, आणि इंडिया गेटचं दृश्य झाकू नये म्हणून तो असा खोलगट ठेवला आहे. एकात एक अशी चार वर्तुळं. सगळ्यात आत अमर चक्र, मग वीरता चक्र, त्याग चक्र आणि सगळ्यात बाहेर रक्षक चक्र. रक्षक चक्र म्हणजे झाडांच्या रांगा, सीमेवर पहारा देणाऱ्या सैनिकांच्या नावाने लावलेली सहाशेहून अधिक झाडं.

काकू तिथेच एका झाडाच्या सावलीत बसल्या. "तुम्ही पुढं व्हा, मी येते मागनं." मी त्यांच्याजवळ थांबले. त्या झाडांकडे बघत म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा मला यांचा पत्ता पाठ करून घेतला होता. नंबर, नाव, पलटण आणि खाली 56 एपीओ. पोस्टमन विचारायचा, वहिनी, हे गाव कुठलं? मी सांगायचे, मलाही ठाऊक नाही." जवान काश्मीरला असो की आसामात, घरच्यांसाठी पत्ता तोच, 56 एपीओ नाहीतर 99 एपीओ. एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. ठावठिकाणा कळू नये म्हणून लष्कराने केलेली ही व्यवस्था. काकूंनी त्या पत्त्यावर अठ्ठावीस वर्षं अंतर्देशीय पत्रं टाकली. अशा बायकांसाठीही यातलं एखादं झाड आहे असं मी मनाशी धरलं.

वीरता चक्राच्या छपराखालच्या वर्तुळाकार गॅलरीत सहा मोठी कांस्यशिल्पं आहेत. ती घडवली राम सुतार यांनी, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावच्या सुपुत्राने. तिथवल, रेझांग ला, गंगासागर, लोंगेवाला, ऑपरेशन ट्रायडेंट आणि ऑपरेशन मेघदूत. शाळेच्या पुस्तकात यातल्या एकदोन लढायांना जेमतेम दोन ओळी मिळतात. इथे धातूत उठलेले चेहरे समोर येतात, आणि प्रत्येकासमोर थांबावं लागतं.

रेझांग लाच्या शिल्पासमोर पांढरं धोतर आणि पागोटं घातलेले एक आजोबा नातवाला काहीतरी सांगत होते. रेवाडीकडचे शेतकरी. काका शेजारी जाऊन उभे राहिले आणि ऐकू लागले. 18 नोव्हेंबर 1962. लडाखमधल्या चुशूलजवळची खिंड. 13 कुमाऊंची चार्ली कंपनी, मेजर शैतानसिंग कंपनी कमांडर. जवान बहुतेक सगळे हरियाणाच्या अहिरवाल पट्ट्यातले, मैदानी मुलखात वाढलेले. मधे डोंगर आडवा आल्यामुळे आपल्या तोफखान्याची मदत पोचणं शक्य नव्हतं. सुमारे 120 जणांपैकी 110 हून अधिक तिथेच पडले. 1963 च्या सुरुवातीला मेंढपाळामुळे ती जागा सापडली तेव्हा कित्येकांचे देह खंदकात, हातात शस्त्र तसंच धरलेले, बर्फात गोठून राहिले होते. मेजर शैतानसिंगांना परमवीर चक्र मिळालं.

"हमारे यहाँ बच्चा बच्चा जानता है," आजोबा म्हणाले. रेवाडीत रेझांग लाचं स्मारक आहे, तिथे दर वर्षी ते जातात. मग त्यांनी काकांना विचारलं, तुम्ही कुठले? काकांनी त्यांना साताऱ्याजवळच्या अपशिंग्याबद्दल सांगितलं. मिलिटरी अपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले, आणि आजही घराघरातून माणूस फौजेत आहे. आजोबांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. एकाची हिंदी हरियाणवी वळणाची, दुसऱ्याची सातारी, तरी दोघांना सगळं कळत होतं. एका तालुक्याला दुसऱ्या तालुक्याची अशी भेट मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि मग त्याग चक्र.

ग्रॅनाइटच्या छोट्या शिळा विटांसारख्या रचून भिंती उभ्या केल्या आहेत. वर्तुळाकार, एकामागे एक, चक्रव्यूहाची रचना मनात ठेवून. प्रत्येक शिळा एका सैनिकाची. नाव, हुद्दा, रेजिमेंट, सोनेरी अक्षरांत. 25 फेब्रुवारी 2019 रोजी स्मारकाचं उद्घाटन झालं तेव्हा ही नावं 26 हजारांच्या घरात होती, नंतर भर पडतच गेली. 1947-48 चं काश्मीर, 1961 चा गोवा, 1962, 1965, 1971, सियाचीन, श्रीलंका, कारगिल, दहशतवाद्यांशी चकमकी, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना. शिपाई आणि कर्नल यांच्या शिळा सारख्याच मापाच्या. मराठा लाइट इन्फंट्रीची नावं दिसू लागली की पावलं आपोआप मंदावतात. पाटील, शिंदे, जाधव, मोरे, कांबळे. आपल्या वर्गाच्या हजेरीपटातली आडनावं.

तिथल्या ड्यूटीवरच्या जवानाला काकांनी मित्राचं नाव, सर्व्हिस नंबर, हुद्दा आणि साल सांगितलं. चौपन्न वर्षं झाली, तरी नंबर त्यांनी कागद न बघता म्हटला. जवानाने शोधून कुठल्या भिंतीकडे बघायचं ते सांगितलं. तरी वेळ लागला. मुलगा खालच्या ओळी बघत होता, मी मधल्या, काका वरच्या. चष्मा पुसून पुन्हा लावत होते.

सापडलं ते मुलाला. "आजोबा, हे बघा."

काका जवळ गेले. त्यांनी बोट उचललं आणि दगडाला न टेकवता, एका तिळाएवढं अंतर ठेवून, एकेका अक्षरावरून नेलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मग परत पहिल्यापासून. सुरुंगाच्या पट्ट्यात प्रॉडर घेऊन माती चाचपणाऱ्या माणसाचा हात असा हलका असतो, हे त्यांनीच नंतर मला सांगितलं. "स्पेलिंग बरोबर आहे," ते म्हणाले. दोन पावलं मागे सरकले, टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. आजूबाजूला सेल्फी काढणारी कॉलेजची पोरं होती. त्यातल्या एकाने मोबाइल खाली घेतला, मग बाकीच्यांनीही. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

काका खाली बसल्यावर मुलाने विचारलं, "आजोबा, ते कसे गेले?" काकांनी टाळलं नाही. "रणगाडे पुढं जायचे तर आधी वाट करायला सॅपर जातो, बाळा. रात्रीचं. पुढं तोफा चालू, आपण जमिनीवर पालथे. एकेक सुरुंग हातानं काढायचा आणि दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी लावत जायचं, म्हणजे मागच्यांना कळतं की एवढ्यातनंच या. आमची वाट झाली होती. शेवटचे काही यार्ड राहिले होते. तो माझ्या डाव्या हाताला होता." एवढं सांगून ते थांबले. मग म्हणाले, "त्या वाटेनं नंतर सगळे रणगाडे गेले. एकही सुरुंगावर चढला नाही."

कर्नल महाडिकांचं नाव मला त्यानंतर सापडलं. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे. 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना गेले, 41 राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुढे स्वतः लष्करात दाखल व्हायचं ठरवलं आणि 2017 मध्ये त्या अधिकारी झाल्या. आमच्या साताऱ्यात मुलींच्या शाळांमधून हे उदाहरण आजही सांगतात. शिळेसमोर उभी राहून मी ते सगळं मुलाला सांगितलं.

बाहेर येऊन हातगाडीवर भाजलेली रताळी खाल्ली. शकरकंदी म्हणतात तिथे. निखाऱ्यावर भाजून, साल काढून, वर काळं मीठ, मसाला आणि लिंबू. दुपारी चारची भूक त्यावर भागते. शेजारी मुळ्याचा कीस घातलेले राम लाडू मिळत होते, मुगाच्या डाळीचे, तिखट चटणीसोबत. काकूंना ते इतके आवडले की त्यांनी कृती विचारून घेतली.

शनिवार, सूर्यास्ताच्या आधी

या कार्यक्रमासाठी परत आत या, किंवा निघूच नका. रोज सूर्यास्ताच्या सुमारास अमर चक्राजवळ रिट्रीटचा सोहळा होतो आणि एखाद्या हुतात्म्याचे कुटुंबीय पुष्पचक्र वाहतात. अर्धा तास आधी जागा धरा, शनिवार-रविवारी गर्दी असते.

अमर चक्राच्या मधोमध 15.5 मीटर उंचीचा स्तंभ आणि त्याच्या पायाशी अमर जवान ज्योती. इंडिया गेटखाली 26 जानेवारी 1972 पासून तेवणारी ज्योत 21 जानेवारी 2022 रोजी याच ज्योतीत विलीन केली गेली. काकांना ती जुनी ज्योत आठवत होती, एका संचलनासाठी आले तेव्हा पाहिलेली.

त्या संध्याकाळी पुष्पचक्र वाहायला डोंगराकडच्या एक आजी आल्या होत्या. बहुधा उत्तराखंडच्या, नाकात मोठी नथ, अंगावर जाड लोकरी शाल, सोबत नात. शेजारून चालणारा अधिकारी उंचापुरा होता. त्याने आपली लष्करी ढांग सोडून आजींच्या पावलाला पाऊल लावलं. त्या थांबल्या की तो थांबे. पुष्पचक्र ठेवायला त्या वाकल्या तेव्हा त्याने हात पुढे केला, पण धरलं नाही, फक्त जवळ ठेवला. आजींनी चक्र ठेवलं, त्यातलं हललेलं एक झेंडूचं फूल नीट बसवलं आणि मग सरळ झाल्या. बिगुल वाजला. सगळे उभे. काकूंनी डोक्यावर पदर घेतला होता.

बाहेर पडताना आजी आमच्या जवळून गेल्या. काकूंना हिंदी बेताचीच येते. त्यांनी आजींच्या हाताला हात लावला आणि मराठीतच म्हणाल्या, "बाई, जेवलात का?" आजींना कळलं असावं. त्यांनी काकूंच्या गालावरून हात फिरवला.

रविवार, परम योद्धा स्थळ

स्मारकाच्याच आवारात, पण बरेच लोक बघायचं विसरतात. परमवीर चक्र मिळालेल्या 21 वीरांचे कांस्य अर्धपुतळे बागेत मांडले आहेत आणि प्रत्येकाजवळ त्यांच्या पराक्रमाची हकीकत लिहिली आहे. सकाळी लवकर जा, ऊन कोवळं असतं आणि वाचायला निवांतपणा मिळतो. इथे किमान दीड तास हाताशी ठेवा. आम्हाला त्याहून जास्त लागला, कारण या 21 पैकी तिघांपाशी पुणेकराला थांबावंच लागतं.

पहिले सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे काकांच्या घरचे. एप्रिल 1948, नौशेराहून राजौरीकडे जाणारी वाट. शत्रूने झाडं पाडून, सुरुंग पेरून, रस्ते उडवून ती अडवली होती. 8 ते 11 एप्रिल, जवळजवळ सलग, जखमी असतानाही राणे आणि त्यांची तुकडी वाट मोकळी करत राहिली. एका ठिकाणी तर ते रणगाड्याखाली शिरून त्याच्यासोबत सरपटत पुढे गेले आणि चालकाला दोरी ओढून इशारे देत राहिले. काका खडकीला रिक्रूट असताना उस्तादांनी ही गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगितली होती. "दमून बसलो की उस्ताद एवढंच म्हणायचा, राणे साहेब बसले होते का?" राणे मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 साली पुण्यातच वारले. काकांनी हकीकतीचा फलक मुलाकडून मोठ्याने वाचून घेतला. आसपासचे दहाबारा जण ऐकत उभे राहिले.

दुसरे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. पुणे कॅम्पातल्या सरदार दस्तूर शाळेचे विद्यार्थी. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर फिल्लोरा आणि बुटुर डोग्रांडीच्या रणगाड्यांच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटचं नेतृत्व केलं, जखमी होऊनही मागे यायला नकार दिला, 16 सप्टेंबरला वीरमरण आलं.

तिसरे अरुण खेत्रपाल. तेही पूना हॉर्सचेच. 16 डिसेंबर 1971, बसंतरची लढाई. रणगाड्याला आग लागली होती, बाहेर पडण्याचा आदेश आला होता, पण तोफ अजून चालते आहे म्हणून त्यांनी रणगाडा सोडला नाही. वय 21. त्यांचा जन्म ऑक्टोबर 1950 चा. काका म्हणाले, "म्हणजे माझ्याच वयाचे की. आज असते तर नातवंडं खेळवत असते." मुलगा बराच वेळ पुतळ्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "आई, आपल्या वरच्या मजल्यावरचा दादा एवढाच आहे."

एका शहराचं नाव धारण करणारी रेजिमेंट, 1817 साली पुण्यात उभी राहिलेली, आणि तिच्यात दोन परमवीर चक्रं. पुण्यात किती जणांना हे माहीत आहे? मुलाच्या शाळेत मी हे सांगायला जाणार आहे, मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे.

तिथून इंडिया गेट. पहिलं महायुद्ध आणि तिसरं अफगाण युद्ध यांत कामी आलेल्या भारतीय सैनिकांचं हे स्मारक 1931 मध्ये पूर्ण झालं. त्यावर 13 हजारांहून अधिक नावं कोरली आहेत, पण ती उंचावर, खालून वाचता येत नाहीत. आदल्या दिवशी नावं डोळ्यांसमोर, हाताच्या उंचीवर वाचल्यावर हा फरक फार टोचतो. जवळच्या छत्रीत नेताजींचा काळ्या ग्रॅनाइटचा 28 फुटी पुतळा आहे.

जेवायला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात गेलो. इंडिया गेटहून जवळ आहे. झुणका, भाकरी, ठेचा. दोन दिवस छोले-कुलचे खाल्ल्यावर काका त्या ठेच्याकडे बघून जे हसले, ते प्रवासातलं पहिलं मोकळं हसू होतं.

सोमवार, परतीच्या आधी

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तेव्हा तो दिवस प्रवासाला ठेवा. आम्ही गाडीच्या आधी तीन मूर्ती चौक पाहिला. हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर संस्थानांच्या घोडदळाची ही तीन मूर्तींची आठवण. 23 सप्टेंबर 1918 रोजी यातल्या स्वारांनी हैफा शहर भाले आणि तलवारी घेऊन जिंकलं होतं. चौकाच्या नावात आता हैफाही आहे. वाहनं गरगर फिरत असतात, रस्ता ओलांडताना जपून.

पुढचा रविवार, घोरपडी

परत आल्यावर काका म्हणाले, आता आपलंही बघू. पुण्यात घोरपडीजवळ दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं, स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांसाठी. मिग-23 विमान आणि आयएनएस त्रिशूळची प्रतिकृती आहे म्हणून मुलं रमतात. कॅम्पात खरेदीला येणाऱ्या पुणेकराने एक तास काढला तरी पुरे. आम्ही इतकी वर्षं त्या रस्त्याने जात होतो, त्या दिवशी आत बसून काकांनी मुलाला भिंतीवरची नावं वाचायला लावली.

तिथूनच काकांनी मित्राच्या पुतण्याला फोन लावला. तो कोरेगावजवळ शेती करतो. "तुझ्या चुलत्याचं नाव बघून आलो. फोटो पाठवलाय. शिळा बरोबर आहे, नंबरही बरोबर." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्याने विचारलं की घरच्यांना तिथे फूल वाहता येतं का. काकांनी त्याला संध्याकाळच्या सोहळ्याचं सांगितलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी चौकशी कर म्हणाले आणि पुढची तयारी सांगू लागले: ऊस गेला की निघ, म्हातारीला खालचा बर्थ घे, वेळेच्या दोन तास आधी पोच, आणि कागदावर नंबर लिहून खिशात ठेव.

पुतण्या मे महिन्यात आईला घेऊन जातोय. काका त्याच्यासोबत पुन्हा जायचं म्हणताहेत, आणि काकूंनी दशम्यांचं पीठ किती लागेल ते विचारून ठेवलं आहे.